खरखरीचा सूर ओळखा: ऑडिओ प्लगइनमधल्या बफरच्या दोषांचं निवारण

प्लगइन (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) कंपाइल होतं, होस्टमध्ये, म्हणजे ते ज्यात चालतं त्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये, उघडतं, आवाजही येतो. पण त्या आवाजात टक्‌टक्, खरखर किंवा घूं असा सूर मिसळलेला असतो. सांगली-मिरजेकडे कुणी तानपुऱ्याची सॅम्पल (ध्वनिमुद्रित तुकडे) वाजवणारं प्लगइन लिहितं, कुणी भजनी मंडळाच्या पेटीसाठी रिव्हर्ब (आवाज घुमवणारा परिणाम), कुणी गायकाच्या आवाजावर एफएफटी (आवाज वारंवारतांत विभागणारं गणित) चालवतं. काम कोणतंही असो, हा दोष वाटेत भेटतोच. एकदा काढला तरी पुढच्या प्लगइनमध्ये वेगळ्या रूपात परत येतो. बहुतेक वेळा मूळ एकच असतं: होस्ट आवाजाचे आकडे (सॅम्पल) गठ्ठ्यांनी, म्हणजे ब्लॉकमध्ये देतो, आणि प्रत्येक वेळी अमुक इतक्याच सॅम्पलचा ब्लॉक देणार, असं आपण मनाशी धरून चाललेलो असतो.

लक्षणं

आधी आपलं लक्षण यात कुठे बसतं ते पाहा. एकापेक्षा जास्त जुळली तरी हरकत नाही.

- अधूनमधून, कोणत्याही तालाविना टिचक्या ऐकू येतात. ट्रॅक वाढले की त्या वाढतात.
- सतत एकाच उंचीची घरघर, जणू मागे कुणी खर्ज धरून बसलंय.
- एका होस्टमध्ये आवाज स्वच्छ, दुसऱ्यात फाटका.
- मोनोत ठीक. स्टीरिओ केलं की डिले (आवाज उशिरा वाजवण्याचा वेळ) निम्मा होतो किंवा उजवी बाजू बिघडते.
- मूळ ट्रॅकसोबत मिसळल्यावर आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा वाटतो.
- वाजवताना ठीक, पण फाइल रेंडर केली (गाणं फाइलमध्ये उतरवलं) की टिचक्या. कधी याच्या उलट.
- गाणं थांबल्यावर, शांतता असताना प्रोसेसरचा काटा वर चढतो.
- नॉब फिरवताना किंवा प्लगइनची खिडकी उघडी असतानाच त्रास होतो.
- तेच प्लगइन दुसऱ्या ट्रॅकवर टाकलं की दोन्हीकडे गोंधळ.

तपासणीआधी: चाचणीचा सूर

चाचणी तानपुऱ्यावर करू नका. जवारीतच इतके वरचे स्वर आणि इतकी झणझण असते की प्लगइनची खरखर तिच्यात बेमालूम लपते. साधी साइन लहर घ्या, पातळी उणे १२ डेसिबल.

वारंवारता मात्र विचारपूर्वक निवडा. ४८००० सॅम्पल रेटला (सेकंदाला ४८००० सॅम्पल) १००० हर्ट्झची एक लहर बरोबर ४८ सॅम्पलची होते. ब्लॉक ४८० सॅम्पलचा असेल तर त्यात पूर्ण १० लहरी बसतात. म्हणजे एखादा अख्खा ब्लॉक गाळला गेला किंवा दोनदा वाजला, तरी सांधा इतका तंतोतंत जुळतो की कानाला काही कळत नाही. ३७५ हर्ट्झला तेच होतं. लहर १२८ सॅम्पलची, त्यामुळे १२८, २५६, ५१२ सगळ्या ब्लॉकमध्ये दोष झाकला जातो. ९९७ हर्ट्झ घ्या. ही मूळ संख्या आहे आणि नेहमीच्या ब्लॉकच्या सीमेवर तिची लहर पूर्ण होत नाही.

स्पीकरचा आवाज कमी ठेवा आणि मास्टरवर लिमिटर लावा. फीडबॅक (आउटपुट परत आत सोडणं) असलेल्या कोडमध्ये एका चुकीच्या इंडेक्सने (मेमरीतल्या जागेच्या क्रमांकाने) पूर्ण पातळीचा धमाका होऊ शकतो. हेडफोन लावून पहिली चाचणी घेऊ नका.

१. प्लगइन काढून ऐका

याला खर्च शून्य आणि वेळ दोन मिनिटं. ट्रॅकवरून प्लगइन पूर्ण काढून टाका. नुसतं बायपास पुरत नाही, कारण बायपासमध्येही काही होस्ट प्लगइनचा कोड चालवत राहतात. खरखर तशीच राहिली तर कोड निर्दोष आहे आणि पुढचे दोन दिवस वाचले.

मग पाहायचं ते असं. विंडोजवर ऑडिओ इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर निवडलेला आहे का? इंटरफेस आणि प्रोजेक्ट दोन्हींचा सॅम्पल रेट एकच आहे का? इंटरफेस थेट यूएसबी पोर्टमध्ये लावा, हबमधून नको. लॅपटॉप वीज वाचवण्याच्या मोडवर असेल तर तो काढा. वाय-फाय बंद करून पाहा. नेटवर्कचे काही ड्रायव्हर प्रोसेसर इतका वेळ अडवून ठेवतात की छोटा बफर (आवाजाचा तात्पुरता साठा) रिकामा पडतो. विंडोजवर लेटन्सीमॉन नावाचं साधन नेमका कोणता ड्रायव्हर अडवतोय ते दाखवतं. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पंख्याखालचा लॅपटॉपही तापतो आणि प्रोसेसर आपला वेग कमी करतो. सकाळी ठीक आणि दुपारी फाटका असा आवाज असेल तर ही शक्यता आधी तपासा.

एक फसवी गोष्ट इथेच सांगून ठेवतो. आपल्याकडे विजेची गुणगुण ५० हर्ट्झची. ४८००० रेटला १०२४ चा ब्लॉक असेल तर ब्लॉकच्या सीमेवरच्या दोषाची घरघर ४६.८७५ हर्ट्झची येते. कानाला दोन्ही जवळजवळ सारख्याच. म्हणून कोडमधला दोष असताना अर्थिंगला बोल लावला जातो, आणि जुन्या वाड्यातलं वायरिंग खराब असताना माणूस कोड उकरत बसतो. फरक सोपा आहे: चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा आणि मग होस्टमधला बफर बदला. चार्जर काढल्यावर गुणगुण गेली तर ती विजेची. बफर बदलल्यावर सूर बदलला तर ती कोडची. विजेची निघाली तर तिथेच थांबा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची पिन काढून गुणगुण घालवायचा प्रकार कुणी सुचवला तरी करू नका. गुणगुण जाईल, पण माइक हातात धरणाऱ्या गायकाला शॉक बसू शकतो.

२. बफर बदला आणि खरखरीचा सूर ऐका

सगळ्या तपासण्यांत हिचा उपयोग सर्वात जास्त आहे. होस्टच्या सेटिंगमध्ये बफर, म्हणजे ब्लॉकची लांबी, २५६, ५१२, १०२४ असा बदलत जा आणि दर वेळी दहा सेकंद ऐका.

दर ब्लॉकला एकदा होणारी चूक सेकंदाला किती वेळा होईल? सॅम्पल रेट भागिले ब्लॉकची लांबी. ४८००० रेटला २५६ साठी १८७.५ हर्ट्झ, ५१२ साठी ९३.७५, १०२४ साठी ४६.८७५. म्हणजे बफर दुप्पट केला की घरघर बरोबर एक सप्तक खाली उतरते. गाणं-वाजवणं जाणणाऱ्या कानाला हे क्षणात कळतं, त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही.

सूर एक सप्तक खाली-वर झाला, तर दोष ब्लॉकच्या सीमेवर आहे: पाचवा आणि सहावा मुद्दा पाहा. सूर आहे पण बफर बदलूनही तो हलत नाही, तर दोष तुमच्या स्वतःच्या आतल्या फ्रेममध्ये, म्हणजे एफएफटीच्या सांध्यात आहे: आठवा मुद्दा. सूर नाही, नुसत्या टिचक्या आहेत आणि बफर मोठा केल्यावर त्या कमी होतात, तर काम वेळेत पुरं होत नाही: तिसरा, आठवा आणि दहावा. टिचक्या बफरशी काही देणंघेणं नसल्यासारख्या येतात, तर दोन थ्रेडची (एकाच वेळी चालणाऱ्या कामांची) आपसांत धडक होतेय किंवा मेमरीबाहेरचं वाचलं जातंय: सातवा आणि दहावा.

३. रिलीज बिल्डवर ऐका

डीबग बिल्ड (चुका शोधण्यासाठीचं) वापरायला द्यायच्या रिलीज बिल्डपेक्षा कित्येक पटींनी हळू चालतं, आणि त्यावर आलेल्या टिचक्यांवरून काहीच ठरवता येत नाही. ४८००० रेटला १२८ च्या ब्लॉकसाठी तुमच्याकडे फक्त २.६७ मिलिसेकंद असतात, ६४ ला १.३३. त्यातही तुमचं प्लगइन एकटं नसतं. बाकीचे ट्रॅक, होस्ट, ड्रायव्हर सगळ्यांचा वाटा त्यातच. रिलीजमध्ये टिचक्या गेल्या तर प्रश्न मिटला.

४. नॉब फिरवतानाच टिचकी येते का?

येत असेल तर तो बफरचा दोषच नव्हे. गेन ०.२ वरून एका सॅम्पलमध्ये ०.८ वर उडी मारतो, आणि ती उडी म्हणजेच टिचकी. किंमत २० ते ५० मिलिसेकंदांत हळूहळू, दर सॅम्पलला बदला. दर ब्लॉकला एक पायरी चढवली तर जिन्यासारखा खडखडाट येतो. डिलेचा वेळ बदलताना तो हळूहळू सरकवला की सूर चढतो-उतरतो. ते नको असेल तर जुन्या आणि नव्या जागेवरून एकाच वेळी वाचून क्रॉसफेड करा.

५. ब्लॉकची लांबी वेडीवाकडी करा

प्रिपेअर-टू-प्लेमध्ये (वाजवण्याआधी बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनमध्ये) होस्ट जो आकडा सांगतो, तो फार तर किती सॅम्पल येतील याचा अंदाज आहे. तेवढीच येतील असं वचन त्यात नाही. लूपची सीमा आली, ऑटोमेशनचा बिंदू आला की काही होस्ट ब्लॉक तोडतात. एफएल स्टुडिओ बदलत्या लांबीचे ब्लॉक देतो, म्हणून तर त्यात ठरावीक आकाराचे ब्लॉक देण्याची वेगळा पर्याय ठेवला आहे. व्हीएसटी ३ या प्लगइनच्या मानकात फक्त पॅरामीटर पोचवण्यासाठी शून्य सॅम्पलचा ब्लॉकही येऊ शकतो. लांबीने भागणारा कोड तिथे कोसळतो. जूस या प्लगइन लिहिण्याच्या फ्रेमवर्कच्या कागदपत्रांतही सांगितलेल्या आकड्यापेक्षा मोठा ब्लॉक आला तरी तग धरेल असा बचावात्मक कोड लिहा, असंच म्हटलं आहे.

चाचणीसाठी नवा होस्ट विकत घ्यायला नको. प्रोसेस-ब्लॉकमध्ये (दर ब्लॉकला चालणाऱ्या फंक्शनमध्ये) आलेला ब्लॉक स्वतःच १, ७, ६४, ४४१ अशा कशाही तुकड्यांत कापून आतल्या प्रोसेसिंगला द्या. दहा-बारा ओळींचं काम आहे. एकदा अखंड ५१२ ने आणि एकदा तुकड्यांनी तीच फाइल रेंडर करा, एकीची फेज उलटी करून दोन्ही बेरजेला लावा. पूर्ण शांतता यायला हवी. गणिताचा क्रम बदलल्याने शेवटच्या बिटांत फरक उरू शकतो. उणे १२० डेसिबलच्या खाली काही कुजबुज राहिली तर चालेल. त्यावर काही ऐकू आलं तर तुमचा कोड ब्लॉकच्या लांबीवर अवलंबून आहे.

ही चाचणी नापास होण्याचं सर्वात नेहमीचं कारण साधं असतं. फिल्टरचं मागचं सॅम्पल, ऑसिलेटरची फेज किंवा डिलेची लिहिण्याची जागा फंक्शनच्या आत जाहीर केलेली असते. ब्लॉक संपला की ती विसरली जाते, पुढचा ब्लॉक शून्यापासून सुरू होतो आणि सेकंदाला ९३ वेळा ठेच लागते. एका ब्लॉकमधून पुढच्यात जे न्यायचं ते सगळं क्लासचा सदस्य हवं.

पण स्टॅटिक करू नका. ठेच जाते खरी, पण स्टॅटिक व्हेरिएबल प्लगइनच्या सगळ्या प्रतींमध्ये एकच असतं. दुसऱ्या ट्रॅकवर प्रत टाकली की दोघी एकमेकींच्या फिल्टरवर लिहू लागतात. लक्षणांच्या यादीतलं शेवटचं लक्षण हेच.

६. चॅनेलचा हिशेब

स्टीरिओत डिले निम्मा होत असेल तर लिहिण्याचा इंडेक्स चॅनेलच्या लूपमध्ये पुढे सरकतोय, म्हणजे एका सॅम्पलला दोनदा. तो सॅम्पलच्या लूपमध्ये, सगळे चॅनेल झाल्यावर एकदाच सरकवा, किंवा प्रत्येक चॅनेलला स्वतंत्र इंडेक्स द्या.

दुसरं, इनपुट आणि आउटपुट बहुतेक वेळा एकाच मेमरीत असतात. आउटपुटमध्ये लिहिलं की इनपुट गेलं. पुढे ड्राय (मूळ, प्रक्रिया न केलेला) आवाज लागणार असेल तर सॅम्पल आधी स्थानिक व्हेरिएबलमध्ये उचलून ठेवा. आणि इनपुटपेक्षा आउटपुट चॅनेल जास्त असतील तर ते शून्याने भरा. नाहीतर आधीचा कचरा ऐकू येतो.

७. रिंग बफर

रिंग बफर म्हणजे रहाटगाडगं: त्याच त्या पोहऱ्यांत पुन्हा पुन्हा पाणी भरायचं आणि उपसायचं. दोष चार ठिकाणी लपतात.

आकार. जास्तीत जास्त डिले २ सेकंद असेल तर ४८००० ला ९६००० सॅम्पल लागतात. पण प्रोजेक्ट १९२००० ला उघडला तर ३८४०००. आकार कोडमध्ये कायमचा लिहून ठेवला की अशा प्रोजेक्टमध्ये प्लगइन दुसऱ्याची मेमरी तुडवतं. प्रिपेअर-टू-प्लेमध्ये सॅम्पल रेटवरून आकार काढा आणि दोनच्या पुढच्या घातापर्यंत वाढवा: ९६००० साठी १३१०७२. फ्लोटमध्ये दर चॅनेलला ५१२ किलोबाइट लागतात, ते काही फार नाही. प्रिपेअर-टू-प्ले एकदाच बोलावलं जातं असंही समजू नका. रेंडर करताना, रेट बदलताना ते पुन्हा येतं, आणि तेव्हा जुने इंडेक्स शून्यावर न आणल्यास रेंडरची सुरुवात खरखरीने होते.

वळण. वाचण्याची जागा म्हणजे लिहिण्याची जागा उणे डिले. ती ऋण झाली की सी प्लस प्लसमध्ये घोटाळा होतो: उणे १ ला ८ ने भागल्यावर बाकी उणे १ येते, ७ नाही. म्हणून आधी आकार मिळवा आणि मग बाकी काढा. दोनचा घात घेतला असेल तर आकार उणे १ चा मास्क लावा, काम जलदही होतं.

क्रम. आधी लिहा, मग वाचा. उलट केलं आणि शून्य डिले मागितला, तर मिळतं ते संपूर्ण फेरीभर जुनं सॅम्पल.

अपूर्णांक. १००.३ सॅम्पलचा डिले साध्या सरळ रेषेच्या इंटरपोलेशनने काढायला १०० आणि १०१ मागची सॅम्पल लागतात. चार बिंदूंच्या पद्धतीला ९९ ते १०२. म्हणजे मोठ्या टोकाला दोन जागा जास्तीच्या ठेवायला हव्यात आणि लहान टोकाला डिले १ च्या खाली जाऊ देता येत नाही, कारण तिथे अजून न आलेलं सॅम्पल वाचावं लागेल.

फीडबॅक असेल तर आणखी एक. संपूर्ण ब्लॉक वाचून मग संपूर्ण ब्लॉक लिहायची पद्धत वेगवान वाटते, पण तिच्यात ब्लॉकपेक्षा छोटा डिले मिळतच नाही. फ्लँजर २५६ ला एक वाजतो आणि ६४ ला भलताच. इथे सॅम्पलगणिक लिहा-वाचा करणं हाच मार्ग.

८. एफएफटीसाठीचा साठा

होस्ट सॅम्पल देणार कितीही, एफएफटीला हवीत ठरावीकच. साखर कारखान्यासारखं आहे हे: बैलगाड्या आणि ट्रॅक्टर कधी दोन येतात, कधी वीस, पण गव्हाणीत ऊस एकसारखा पडत राहायला हवा, म्हणून मध्ये गाडीतळ लागतो. गाडीतळ रिकामा पडला की गाळप थांबतं. इथे गाळप थांबणं म्हणजे टिचकी.

इनपुटला एक फिफो (आधी आलेलं आधी बाहेर देणारा साठा), आउटपुटला एक. उदाहरण घ्या: फ्रेम १०२४, होस्टचा ब्लॉक ४४१. पहिल्या दोन ब्लॉकमध्ये ८८२ सॅम्पल जमली, फ्रेम भरली नाही. पण होस्टला दर वेळी ४४१ परत द्यायचीच आहेत. ती आणणार कुठून? म्हणून आउटपुट फिफोत सुरुवातीलाच १०२४ शून्यं भरून ठेवायची. तिसऱ्या ब्लॉकला १३२३ जमली, एक फ्रेम निघाली, इनपुटमध्ये २९९ उरली. आउटपुटमध्ये एकूण २०४८ आली, १३२३ गेली, ७२५ शिल्लक. ब्लॉक कसाही तुटला तरी हा साठा कधी संपत नाही. काटेकोर हिशेबाने १०२३ ही पुरतात, पण १०२४ ठेवा आणि तेवढीच लेटन्सी (प्लगइनमुळे होणारा उशीर) होस्टला सांगा.

सर्वात जास्त आढळणारी चूक एका शब्दाची आहे. फ्रेम भरली का हे तपासायला ‘इफ’ लिहिलेलं असतं, तिथे ‘व्हाइल’ हवं. होस्टने २०४८ चा ब्लॉक दिला तर दोन फ्रेम भरतात. ‘इफ’ एकच काढतो, दुसरी पडून राहते आणि आउटपुट हळूहळू मागे पडत रिकामं होतं. रेंडर करताना होस्ट मोठे ब्लॉक देत असेल तर ही चूक फक्त रेंडरमध्येच दिसते.

फिफो बरोबर आहे का ते तपासायला एफएफटी काढून टाका आणि १, २, ३ असे चढते आकडे आत सोडा. बाहेर येणारा प्रत्येक आकडा मागच्यापेक्षा बरोबर १ ने मोठा हवा. फ्लोटमध्ये १६७७७२१६ पर्यंतचे पूर्णांक अचूक राहतात, म्हणजे ४८००० ला जवळजवळ ५ मिनिटं ४९ सेकंद चाचणी चालते. ही चाचणी होस्टमध्ये नव्हे, स्वतंत्र चाचणी प्रोग्रॅममध्ये चालवा. हे आकडे स्पीकरकडे गेले तर स्पीकर वाचणार नाही.

फिफो ठीक असूनही न हलणारी घरघर आहे? मग विंडो, म्हणजे फ्रेमच्या कडा हळूहळू शून्यावर उतरवणारा वक्र, पाहा. हान विंडो एफएफटीच्या आधी आणि नंतर अशी दोनदा लावली की तिचा वर्ग होतो. तो ५० टक्के ओव्हरलॅपला (फ्रेम एकमेकींवर चढण्याला) जुळत नाही, बेरीज ०.५ ते १ अशी हेलकावते, म्हणजे ६ डेसिबलची चढउतार, आणि १०२४ च्या फ्रेमला ती ९३.७५ हर्ट्झने येते. ७५ टक्के ओव्हरलॅप घ्या, म्हणजे हॉप (लागोपाठच्या दोन फ्रेमच्या सुरुवातींमधलं अंतर) २५६. बेरीज सपाट १.५ येते, तिने भागा. विंडोच्या सूत्रात भाजक १०२४ हवा, १०२३ नको. १०२३ घेतला तर विंडो सममित दिसते, पण सांध्यांवर बारीक लहर उरते.

यातलाच एक डाव अनुभवी लोकांनाही चकवतो. होस्टचा ब्लॉक ६४ आणि हॉप २५६. तीन वेळा प्लगइन काहीच करत नाही, चौथ्या वेळी पूर्ण एफएफटी आणि उलट एफएफटी १.३३ मिलिसेकंदांत उरकायला बघतं. प्रोसेसरचा काटा सरासरी दाखवतो, तो २० टक्क्यांवर निवांत; आवाज मात्र फाटतो. सरासरी वेळ मोजू नका, सर्वात वाईट ब्लॉकचा वेळ मोजा. उपाय म्हणजे काम चार ब्लॉकमध्ये वाटून करणं आणि तेवढी लेटन्सी वाढवणं.

९. लेटन्सी खरी सांगितली का?

पोकळ आवाजाचं कारण इथे असतं. एका सॅम्पलचा १.० पातळीचा टिपका आत पाठवा आणि तो बाहेर कितव्या सॅम्पलला येतो ते मोजा. होस्टला सांगितलेला आकडा तोच हवा. एका सॅम्पलची चूकही वरच्या पट्टीत ऐकू येते. बायपासच्या वाटेलाही तेवढाच डिले द्या, नाहीतर बायपास दाबल्यावर ट्रॅक पुढे उडी मारतो. १०२४ म्हणजे ४८००० ला २१.३३ मिलिसेकंद. रेंडरला चालेल, पण स्टेजवर गायकाच्या कानात परत पाठवायला हे जास्त आहे.

१०. ऑडिओ थ्रेडवर काय चाललंय

इथून पुढची कामं अवघड. प्रोसेस-ब्लॉकमधून जाणारी प्रत्येक वाट वाचून काढा आणि पाच गोष्टी शोधा: मेमरी मागणं किंवा सोडणं, म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप), फाइल, छापणं, खिडकीला हाक मारणं. व्हेक्टरमध्ये एक घटक ढकलणं किंवा स्ट्रिंग जोडणं हेही मेमरी मागणंच. शंभरदा ते पटकन होतं आणि एकशे एकाव्यांदा ऑपरेटिंग सिस्टीम थांबवून ठेवते. तालाविना येणारी टिचकी ती हीच. म्युटेक्स ज्या थ्रेडने धरलाय तो खिडकी रंगवणारा, कमी प्राधान्याचा. त्याच्यासाठी ऑडिओ थ्रेड ताटकळतो. खिडकी उघडी असतानाच त्रास होतो तो यामुळे.

वेव्हफॉर्म दाखवायचा असेल तर एक लिहिणारा आणि एक वाचणारा असा लॉकविना चालणारा फिफो ठेवा. ऑडिओ थ्रेड लिहितो, खिडकी टायमरवर सेकंदाला ३० वेळा वाचते. फिफो भरला तर ते सॅम्पल टाकून द्या. चित्रात खंड पडला तरी चालतो, आवाजात नाही. इंडेक्स ॲटॉमिक (अर्धवट वाचले-लिहिले न जाणारे) हवेत, लिहिताना रिलीज आणि वाचताना ॲक्वायर क्रमाने. व्होलाटाइल याला पुरत नाही. इंटेलच्या प्रोसेसरवर ही चूक झाकून जाते, कारण तिथे लिहिण्याचा क्रम बराच पाळला जातो. ॲपलच्या एआरएम चिपवर तोच कोड तुटक वाजतो. ‘माझ्याकडे चालतं’ असं म्हणण्याआधी हे लक्षात घ्या.

तानपुऱ्याची नवी सॅम्पल भरायची तर ती दुसऱ्या थ्रेडवर पूर्ण वाचा, मग फक्त पॉइंटर बदला. जुनी मेमरीही ऑडिओ थ्रेडवर सोडू नका.

गाणं थांबल्यावर काटा चढतो त्याचं कारण डीनॉर्मल, म्हणजे शून्याच्या अगदी जवळच्या अतिसूक्ष्म संख्या. रिव्हर्बची शेपटी विरत विरत सुमारे १.१८ गुणिले १० चा उणे ३८ वा घात याच्या खाली गेली की बऱ्याच प्रोसेसरवर प्रत्येक गुणाकार महाग होतो. प्रोसेस-ब्लॉकच्या पहिल्याच ओळीत या संख्या शून्य मानण्याचा मोड चालू करा. जूसमध्ये त्यासाठी तयार क्लास आहे.

एवढं करून दोष सापडला नाही तर साधनं लावा. प्लगइनव्हॅल हे मोफत साधन वेगवेगळ्या रेट-ब्लॉकवर प्लगइनला छळून बघतं. काटेकोरपणा निदान ५ वर ठेवा, मग १० पर्यंत चढवा. मेमरीबाहेरचं वाचन ॲड्रेस सॅनिटायझर पकडतो, थ्रेडची धडक थ्रेड सॅनिटायझर. क्लँग या कंपाइलरच्या २० व्या आवृत्तीपासून रिअलटाइम सॅनिटायझरही आहे. प्रोसेस-ब्लॉकवर न थांबणारं फंक्शन अशी खूण केली की आत कुठेही मेमरी मागितली किंवा लॉक लावला तर ओळ क्रमांकासह थांबवतो.

कुठे थांबायचं

प्लगइन काढूनही टिचक्या येतात, ड्रायव्हर नवा टाकला, दुसऱ्या संगणकावर तोच इंटरफेस तसाच वागतो: इंटरफेस सर्व्हिस सेंटरला द्या, उघडू नका. दुसऱ्या संगणकावर तो नीट चालतो आणि लेटन्सीमॉन लाल दाखवत राहतो: संगणक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडे न्या.

कोडच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. थ्रेड सॅनिटायझरने धडक दाखवली आणि दोन दिवसांत ती समजली नाही, तर मेमरीच्या क्रमाचे पर्याय बदलून नशीब अजमावू नका. अशी दुरुस्ती तुमच्या मशीनवर टिकते आणि दुसऱ्याच्या कार्यक्रमात फुटते. लॉकविना चालणाऱ्या रचना लिहिण्याचा अनुभव असलेल्या प्रोग्रॅमरला पैसे देऊन दाखवा, किंवा तुमचा हाताने लिहिलेला फिफो काढून चाचणी झालेला तयार फिफो वापरा. आणि दोष सापडेपर्यंत ते प्लगइन नाट्यगृहात किंवा उत्सवाच्या मांडवात थेट कार्यक्रमाला लावू नका. तेवढ्या दिवसापुरता साधा हार्डवेअर रिव्हर्ब भाड्याने मिळतो.

मदत मागताना सोबत हे पाठवा: होस्ट आणि त्याची आवृत्ती, सॅम्पल रेट, तीन वेगळ्या बफरवर ऐकू आलेल्या घरघरीची वारंवारता, ९९७ हर्ट्झवर रेंडर केलेली दहा सेकंदांची वेव्ह फाइल, आणि ज्या बदलानंतर दोष आला त्याच्या आधीचा व नंतरचा कोड. रेंडर ३२ बिट फ्लोटमध्ये करा. एमपी ३ केली तर एका सॅम्पलची टिचकी पसरट होते आणि ती कुठे पडली ते मोजता येत नाही.